नुसती हवा काढू नका, कारण काढा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवेळी या सभेत मी महागाई भत्ता, रिकाम्या जागा आणि पेन्शन यांवर बोलतो. आज मी मोटारीच्या ब्रेकवर बोलणार आहे. समोर काही जण हसताहेत. हसा, पण ऐका. आपल्यात मेल मोटार चालवणारे आहेत, साहेबांची जीप चालवणारे आहेत, आणि रोज सकाळी भाड्याच्या गाडीत मागे बसून कामावर जाणारे ट्रॅक मेंटेनर तर सगळ्यात जास्त आहेत. शिवाय कर्ज काढून जुनी गाडी घेतलेले आणि सुटीत बायकापोरांना घेऊन गावाला जाणारेही थोडे नाहीत. ब्रेकचा प्रश्न या सगळ्यांचा आहे.

मी काही इंजिनियर नाही. मॅट्रिक झालो आणि कॅरेज-वॅगनमध्ये खलाशी म्हणून लागलो. ब्रेकचं जे काही कळतं ते हाताला काळं लावून कळलं. आणि मोटारीच्या ब्रेकचं जे कळलं, ते एका चौकशीत एका माणसाची नोकरी वाचवताना कळलं. ती हकीकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका गँगला घाटात ने-आण करायला ठेकेदाराची गाडी लावली होती. संध्याकाळी काम संपवून सहा माणसं मागे बसली, अवजारं टाकली आणि गाडी घाट उतरू लागली. दुसऱ्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, तर पेडल तळाला गेलं. त्यानं पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबलं, थोडा ब्रेक लागला. गियर उतरवला, हँडब्रेक ओढला, आणि दरी सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. गाडी थांबली. आमच्या एका माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकीच्यांना मुका मार बसला. जीव सगळ्यांचे वाचले.

चौकशी झाली. पहिला प्रश्न ड्रायव्हरला : ब्रेक खराब होता तर आधी का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "साहेब, महिनाभर सांगतोय." लॉगबुक उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात महिनाभर रोज एकच शब्द, त्याच्याच अक्षरात : 'ठीक'.

मित्रांनो, त्यानं 'ठीक' का लिहिलं हे तुम्हाला समजावून सांगायला नको. 'नादुरुस्त' लिहिलं की गाडी उभी राहते, गाडी उभी राहिली की ठेकेदाराचं बिल कापलं जातं, आणि बिल कापलं की दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर येतो. तोंडी सांगणं फुकट असतं, लिहिणं महाग पडतं. म्हणून त्यानं तोंडी सांगितलं आणि कागदावर 'ठीक' लिहिलं.

तो आपला सभासद नव्हता. आपल्यातल्याच काहींनी मला विचारलं, ठेकेदाराच्या माणसासाठी युनियननं का भांडायचं? मी म्हटलं, गाडीत मागे बसलेले सहा जण कोणाचे होते?

आता ब्रेकची गोष्ट. ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आगगाडीचा ब्रेक तुम्हाला माहीत आहे. ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब धरलेला असतो तोवर ब्रेक सुटलेले असतात. होज फाटला, कपलिंग तुटलं, गाडीचे दोन भाग झाले, तर दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे आपला ब्रेक बिघडला की गाडी थांबते. ही अक्कल पहिल्या दिवसापासून नव्हती. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेचा ब्रेक काढला, त्यात इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागायचा. पण होज फाटला की हवा बाहेर, आणि ब्रेक गेला. १८७२ साली त्यांनी ती रीत उलटी केली : हवा असताना ब्रेक सुटलेला, हवा गेली की लागलेला. कसारा-इगतपुरीच्या घाटात ३७ फुटांना १ फूट असा उतार आहे, तिथे आपण ज्या भरवशावर गाड्या उतरवतो त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

मोटारीचा ब्रेक अजून त्या पहिल्या रीतीनं चालतो. तुम्ही पेडल दाबता, मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल पाइपातून चाकापर्यंत जाऊन पॅड किंवा लायनर दाबतं. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा जातो. पण त्या तेलात हवा शिरली तर हवा दबते. तुमचा पाय हवा दाबण्यातच खर्च होतो, आणि पेडल स्पंजासारखं लागतं. तेल गळून गेलं तर पेडल तळाला जातं. गळती झाली म्हणून मोटार आपली आपण थांबत नाही. नव्या-जुन्या बहुतेक गाड्यांत दोन वेगळे मार्ग केलेले असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर निम्मा ब्रेक उरतो. आमची सहा माणसं त्या निम्म्यावर वाचली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा असतो खरा, पण तो तेल बरंच उतरल्यावर लागतो आणि कित्येक जुन्या गाड्यांत लागतच नाही. तेव्हा मोटारीचा ब्रेक बिघडतोय हे आधी सांगणारा मुख्य निरोप्या एकच, ते म्हणजे पेडल. आणि तो निरोप पहिल्यांदा मिळतो ड्रायव्हरच्या पायाला.

त्या ड्रायव्हरच्या पायाला निरोप मिळाला होता. त्यानं गाडी तीनदा गॅरेजला नेली. तीनही वेळा मिस्त्रीनं निपल उघडून हवा काढली, तेल भरलं, पेडल कडक करून दिलं. आठ-दहा दिवस बरे गेले, की पेडल पुन्हा नरम. अपघातानंतरच्या तपासणीत गाडीखाली गळती दिसली नाही. चाकं कोरडी, पाइप कोरडे. टाकीत तेल मात्र कमी. निष्कर्ष निघण्याच्या बेतात होता : ड्रायव्हरनं तेल बघितलं नाही.

तेव्हा मी आमच्या एका निवृत्त फिटरला सोबत नेलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "तेल कमी झालं आणि जमिनीवर पडलं नाही, तर ते गेलं कुठं?"

कोणाला उत्तर देता येईना. त्यांनी सर्वांसमक्ष मास्टर सिलिंडरचे नट काढायला लावले. सिलिंडर ज्या बूस्टरवर बसतो, त्या बूस्टरच्या तोंडातून मागचा भाग ओलाचिंब निघाला, आणि बूस्टरच्या पोटात तेल साचलेलं होतं. बूस्टर म्हणजे पेडलाला जोर देणारा तो गोल डबा. इंजिन चालू असताना त्यात व्हॅक्यूम असतो. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाचं रबरी सील झिजलं होतं, आणि तो व्हॅक्यूम त्या फटीतून तेल ओढून घेत होता. बाहेर थेंब नाही. टाकीतल्या एका कप्प्यात तेल उतरलं की उतारावर तोंड उघडं पडायचं आणि हवा आत शिरायची. मिस्त्री हवा काढायचा, पण हवा यायची वाट तशीच उघडी. दहा दिवसांनी पुन्हा तेच.

आपल्याकडे गळक्या छताखाली बादली ठेवतात. बादली रोज रिकामी करणं याला कोणी छप्पर दुरुस्ती म्हणत नाही. पण ब्रेकची हवा काढली की 'ब्रेक दुरुस्त केला' असं बिल निघतं!

ती तीन बिलंच शेवटी उपयोगी पडली. ड्रायव्हरनं ती गाडीच्या खणात ठेवली होती. तिन्हींवर तारीख, तिन्हींवर 'ब्रेकची हवा काढली, तेल भरलं'. महिन्यात तीनदा तोच रोग आणि तीनदा तेच औषध. तक्रार झाली होती याला याहून मोठा पुरावा कोणता? ड्रायव्हरवरचा ठपका गेला. पण खरं सांगतो, ती बिलं हरवली असती तर त्या 'ठीक'नं त्याला बुडवलं असतं.

आता कामाचं बोलू. पेडल नरम झालं तर काय पाहायचं? मी चार प्रकार सांगतो, ते वहीत उतरून घ्या.

पहिला प्रकार. पेडल स्पंजासारखं लागतं, पण दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येतं. ही हवेची खूण. हवा काढायचीच आहे, पण ती आली कुठून हे शोधल्याशिवाय काम पुरं झालं म्हणायचं नाही.

दुसरा प्रकार. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं. ही परीक्षा गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून करायची. चार-पाचदा दाबून बूस्टर रिकामा करा, मग जोरानं दाबून अर्धा-एक मिनिट धरा. पेडल बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे. आणि बाहेर थेंब नसेल, टाकीतली पातळीही तितकीच असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर संपले आहेत. तेल पुढे जाण्याऐवजी आतल्या आत मागे सरकतं. तेच पेडल दाबून धरून इंजिन चालू केलं की ते किंचित खाली जातं, तो मात्र दोष नव्हे. तो बूस्टर कामाला लागल्याची खूण आहे. त्याला घाबरू नका.

तिसरा प्रकार. पहिल्या दाबाला पेडल फार खाली, दुसऱ्या दाबाला वर आणि कडक. यात हवेचा दोष नसेलही. मागच्या ड्रमचे लायनर झिजून अंतर वाढलं असेल, अॅडजस्टमेंट अडकली असेल. पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असलं किंवा डिस्क वाकडी असली, तरी पॅड मागे ढकलले जातात आणि पहिला दाब वाया जातो. इथे कितीही हवा काढा, फरक पडणार नाही.

चौथा प्रकार, आणि घाटात हा सगळ्यात दगाबाज. गाडी थंड असताना ब्रेक उत्तम, लांब उतारावर गरम झाल्यावर पेडल नरम, आणि खाली येऊन तासभर उभी राहिली की पुन्हा उत्तम. मिस्त्रीकडे नेली तर तो म्हणतो, काही नाही, तुमच्या मनाचा खेळ आहे. पण खेळ पाण्याचा आहे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ जातीचं ताजं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर सतत ब्रेक धरला की चाकाजवळचं तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी. म्हणून तेल साधारण दोन वर्षांनी सगळं बदलायचं, काळं दिसो वा न दिसो. आणि घाट उतरताना खालच्या गियरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं.

आता, हवा काढली आणि पेडल पुन्हा नरम झालं, तर पहिला प्रश्न कोणता? त्या फिटर काकांचाच : तेल कमी होतंय की नाही? टाकीवर पेन्सिलीनं खूण करा आणि रोज सकाळी बघा. पॅड झिजतात तसं तेल महिनोन्महिने थोडं उतरतं, ते रीतीचं आहे. पण आठवड्यात बोटभर उतरलं तर ती गळती आहे, मग जमीन कितीही कोरडी असो.

तेल उतरत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ओल बघा. ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबरी टोपण अलगद उचला; तेल त्याच्या मागे लपलेलं असतं. रबरी होज वळवून भेगा बघा. मागच्या आक्सलवरून जाणारा लोखंडी पाइप चिखलानं गंजतो, तो पुसून बघा. निपल आणि जोड बघा. एवढं सगळं कोरडं असलं तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामध्ये बघा.

तेल उतरत नसेल आणि तरीही पेडल नरम होत असेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर बघा. जुना होज दाबाखाली फुग्यासारखा फुगतो. एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं होज हातात धरायचा, फुगणं बरेचदा हाताला कळतं. डिस्कची कॅलिपर उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली, तर निपल खाली येतो आणि हवा वर अडकून राहते. ती कितीही काढा, निघत नाही. एबीएस असलेल्या गाडीत त्या युनिटमध्येही हवा अडकते, ती काढायला काही गाड्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा डिझेल चुकूनही टाकू नका. त्यानं सगळे रबर फुगतात. निपलमधून निघालेलं तेल पुन्हा टाकीत ओतू नका. बाटली उघडून वर्षभर फडताळात ठेवलेलं तेल वापरू नका, त्यानं ओलावा घेतलेला असतो. वीस-पन्नास रुपयांसाठी जीव टांगू नका.

समजा रस्त्यातच पेडल तळाला गेलं, तर इंजिन बंद करू नका. पेडल भराभर पंप करा, एकेक करून गियर उतरवा, हँडब्रेक एकदम न खेचता थोडा थोडा ओढा, हॉर्न आणि दिवे चालू ठेवा, आणि दरी सोडून डोंगराची बाजू धरा. त्या ड्रायव्हरनं हेच केलं होतं. त्याला कोणी शाबासकी दिली नाही, म्हणून आज या व्यासपीठावरून मी देतो.

शेवटी कायद्याचं एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९० आहे. गाडीत धोक्याचा दोष आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, असा माणूस ती गाडी सार्वजनिक जागी चालवील तर तो गुन्हेगार. पण कलम तिथे थांबत नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा हेही त्यात येतात. आता सांगा, तोंडी तक्रार केली तर साहेबाला माहीत होतं हे सिद्ध कसं होणार? लिहिलं तर होईल. म्हणजे 'ठीक' लिहिणारा ड्रायव्हर दोष एकट्याच्या डोक्यावर घेतो, आणि 'पेडल नरम, तळाला जाते' असं लिहिणारा तो दोष ज्याचा आहे त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो.

आगगाडी ब्रेक पॉवर सर्टिफिकेटशिवाय सुटत नाही. त्या कागदावर सह्या असतात, आणि सही करणारा जबाबदार असतो. आपण वॅगनमधल्या कोळशासाठी एवढं करतो. मग गाडीत मागे बसलेल्या सहा माणसांसाठी एक ओळ लिहून घ्यायला काय हरकत आहे?

म्हणून शाखेच्या वतीनं मी तीन गोष्टी मांडतो. त्यावर आपण हात वर करावेत.

एक. गाडी खात्याची असो वा ठेकेदाराची, ब्रेकची तक्रार लॉगबुकात तारीख घालून लिहायची : पेडल कसं लागतं, थंड असताना की गरम झाल्यावर, आणि मागच्या दुरुस्तीला किती दिवस झाले. ड्रायव्हर लिहायला घाबरत असेल तर मागे बसलेल्या आपल्या माणसांनी अर्ज लिहायचा आणि सगळ्यांनी सह्या करायच्या. एकाला काढता येतं, सहा जणांना काढणं सोपं नाही.

दोन. तीच तक्रार दुसऱ्यांदा आली तर नुसतं 'हवा काढली' हे उत्तर स्वीकारायचं नाही. कोणता भाग खराब होता, कोणता बदलला, हे बिलावर लिहून मागायचं. जुना भाग डोळ्यांनी बघायचा.

तीन. तक्रार लिहिली म्हणून कोणा ड्रायव्हरला घरी बसवलं, तो सभासद असो वा नसो, तर त्याचा प्रश्न हा शाखेचा प्रश्न समजायचा.

तो ड्रायव्हर आजही गाडी चालवतो. मध्यंतरी स्टेशनबाहेर भेटला. मी विचारलं, "काय रे, ब्रेक कसा आहे?" त्यानं लॉगबुक काढून दाखवलं. लिहिलं होतं : 'डावा मागचा आवाज करतो, बघावे.' त्याच्या खाली पर्यवेक्षकाची सही होती.

मित्रांनो, एवढंच पाहिजे. दोष लिहिणाऱ्याची सही आणि वाचणाऱ्याची सही, एका पानावर.

कामगार एकजुटीचा विजय असो!